रात्री अडीचला फोन कोणाला लावायचा

परवा पालकांच्या बैठकीत कराडहून आलेल्या एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे तसला प्रसंग झाला की तुम्ही नंबर कुठला लावता?" 'तसला प्रसंग' म्हणजे काय, हे आम्हा पालकांना एकमेकांना विचारावं लागत नाही: बोलू न शकणारं मूल अचानक अनावर होतं, स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायला लागतं. चहाचा कप हातात धरून उभ्या उभ्या सुचलं तेवढं सांगितलं. नीट इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाला नुसतं हे पाठवता येईल.

आमचा चिन्मय, घरात चिनू. वय २४, वजन ऐंशीच्या घरात, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि सोबत बौद्धिक अक्षमताही. बोलतो असं म्हणवत नाही, पण घोषणा करतो. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. लहानपणी शाळेला सुट्टी असली की सातारा स्टँडवर माझ्या केबिनमध्ये येऊन बसायचा, तिथे जे कानावर पडलं ते कायमचं बसलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, सातारा-स्वारगेट विनावाहक विनाथांबा गाडी फलाटावर लागत आहे." दात घासताना हेच, आंघोळीला जाताना हेच. पाहुणे हसतात. आम्ही दोघं त्यावरून घराची तब्येत ओळखतो. गाड्या वेळेवर सुटतायत म्हणजे सगळं ठीक. गाड्या बंद पडल्या की ही लगेच मला खुणावते.

मागच्या गणपतीत गाड्या बंद पडल्या. दोन-तीन दिवस एक शब्द नाही. पोळी बाजूला सारायचा, फक्त दहीभात. मग गालावर मारून घेणं सुरू झालं आणि एका रात्री भिंतीवर डोकं आपटायला लागला. हिने मध्ये हात घातला तर मनगटाला चावा. मी एकसष्ट वर्षांचा, ही अठ्ठावन्नची. आमच्या दोघांचा मिळून जोर त्याच्या एका खांद्याएवढाही नाही.

शेजारी-पाजारी सगळ्यांचं निदान एकच: डीजे. आणि तेही खोटं नव्हे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि आमच्या गल्लीत खिडकीच्या काचा थरथरत होत्या. पण डीजे दरवर्षी असतो. चिनू दरवर्षी कानावर उशी दाबून मोरीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फलटण, महाबळेश्वर, कोरेगाव चालू. या वेळी काहीतरी वेगळं होतं.

आता नंबरांचं.

आधी लावला १४४१६, टेलि-मानस. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं: झोप किती झाली, जेवला का, औषध कुठलं, अलीकडे बदललं का, कुठे दुखतंय का. दिवा मंद करायला सांगितलं, खोलीतली माणसं कमी करायला सांगितली, आणि मुख्य म्हणजे माझा आवाज खाली आणला. त्याचा मला फार उपयोग झाला. फक्त एक समजून घ्या: हा फोन त्यानं करायचा नसतो, आपण करायचा असतो. मदतीच्या फोनवर ज्याला त्रास होतोय तोच बोलेल अशी सर्वसाधारण कल्पना असते. आपली मुलं बोलत नाहीत. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगायचं, "मी वडील बोलतोय, मुलगा बोलू शकत नाही." नाहीतर पहिली काही मिनिटं "त्यांच्याकडे फोन द्या ना" यात जातात. दुसरं, हे समुपदेशन फोनवरचं आहे. डोकं आपटणाऱ्याला धरायला कोणी माणूस लागतो, तो वेगळा शोधावा लागतो.

हा माणूस आपल्याकडे बहुतेक वेळा पोलीसच असतो, हे मला आवडो न आवडो. ११२ लावला. इथे माझी नोकरी कामाला आली. स्टँडवर घोषणा कशी करतात? छोटी, सुटी, आणि महत्त्वाचं आधी. तसंच बोललो. "मुलगा चोवीस वर्षांचा आहे. स्वमग्न आहे. गुन्हा काही नाही. हातात काही नाही. स्वतःला मारून घेतोय. सायरन वाजवू नका, दोघांपेक्षा जास्त माणसं आत आणू नका." 'मुलगा मारतोय' असं एवढंच सांगितलं असतं तर काय समजून आले असते, याचा विचार करा.

दोघं आले. एक पोरगेला होता, चिनूच्याच वयाचा. दारातच थबकला. मला म्हणाला, "काका, ह्याला हात लावला तर चिडेल का?"

"चिडेल. नुसते उभे राहा. डोळ्यात बघू नका."

"मग आम्ही काय करायचं?"

"मी त्याला गाडीपर्यंत आणतो. तुम्ही फक्त लोकांना बाजूला करा."

कारण तोपर्यंत अर्धी गल्ली मोबाईल वर करून उभी होती. त्या पोराने ती गर्दी पांगवली, शिंदे वहिनींच्या अंगणातला दिवाही बंद करून घेतला. अशा वेळी त्याहून मोठं काम पोलिसाला नसतं.

ज्यांना कायदा माहीत नाही त्यांच्यासाठी: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेली व्यक्ती पोलिसांनी संरक्षणात घेतली, तर तिला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं. लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. ही ओळ मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवली आहे. अजून कोणाला दाखवावी लागलेली नाही, पण खिशात असली की बोलण्यात दम येतो.

धरण्याबद्दल दोन गोष्टी, कारण त्या कोणी सांगत नाही. चावा घेतला की हात ओढायचा नाही. ओढला की मांस फाटतं. उलट हात किंचित त्याच्या तोंडाकडेच ढकलायचा, जबडा आपोआप सैल होतो. आणि कितीही जोर करत असला तरी त्याला पालथा पाडून पाठीवर बसायचं नाही, कोणाला बसू द्यायचं नाही. श्वास कोंडून माणूस जातो. पोलीस असोत की वॉर्डबॉय, हे मोठ्याने सांगायचं. डोकं आपटत असेल तर धरण्यापेक्षा भिंत आणि डोकं यांच्या मध्ये उशी किंवा दुमडलेलं ब्लँकेट धरणं सोपं जातं.

तिथून एका रुग्णालयात गेलो. नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते कुठेही घडलं असतं. अपघात विभागातले डॉक्टर म्हणाले, हे मानसोपचाराचं प्रकरण. मानसोपचार विभागातून आलेले डॉक्टर फाइल न उघडता म्हणाले, "हा मतिमंद आहे, आमच्याकडे दाखल होत नाही." मग पुन्हा अपघात विभाग. आम्ही मधल्या मार्गिकेत, चिनू फरशीवर, ही त्याच्या डोक्याखाली आपला पदर गुंडाळून बसलेली.

हा चेंडू का फिरतो, ते मला नंतर कळलं. याच २०१७ च्या कायद्यात 'मानसिक आजार' या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळली आहे. हेतू वाईट नसावा. आपल्या मुलांना मनोरुग्णालयात नेऊन टाकायची जी जुनी खोड होती ती मोडायला ते बरंच आहे. पण त्याचा अर्थ असा होत नाही की बौद्धिक अक्षमता असलेल्याला मानसिक आजार होऊच शकत नाही, किंवा त्याला रात्री तपासायचंच नाही. याच कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. आणि अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, ज्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे, त्यात स्वमग्नताही आहे आणि बौद्धिक अक्षमताही. म्हणजे कागदावर चिनू दोन्ही कायद्यांच्या उंबरठ्यावर उभा. रात्री अडीचला मात्र कुणाच्याच घरात नाही.

शेवटी सोडवलं ते एका सिस्टरने. इंजेक्शन भरून आणलं होतं, शांत करायचं. हातात सिरिंज घेऊन ती थोडा वेळ नुसती बघत उभी राहिली. मग हिला म्हणाली, "ताई, हा उजव्याच गालावर का मारतोय?"

खरंच की. डावा गाल साफ होता. डोकंही उजव्या बाजूनेच टेकवत होता. टॉर्च मागवली, चिनूने आ करायला अर्थातच नकार दिला, मग मी "तोंड उघडा, तोंड उघडा, तिकीट दाखवा" असं म्हणत म्हणत एक क्षणभर उघडवलं. खालची शेवटची दाढ काळी, भोवती हिरडी सुजून टम्म. पू झाला होता. पोळी नको, दहीभात हवा, घोषणा बंद, गालावर मार: सगळ्याचा उलगडा त्या एका दाढेत.

म्हणून हे ठळक लिहून ठेवा. बोलू न शकणाऱ्या माणसाचं वागणं अचानक बदललं की आधी दुखणं शोधायचं. दात, कान, पोट, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, डोकेदुखी, नवीन औषध, झटके. मुलींच्या बाबतीत पाळी. 'स्वमग्न आहे ना, मग असंच करणार' हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून आलं तरी गप्प बसायचं नाही. हेच वाक्य आपण घरी पण म्हणतो, ते वेगळं.

दाढ काढायला पूर्ण भूल द्यावी लागणार होती आणि तिथे पुढचा अडसर आला: संमती. मुलगा १८ च्या वर आहे, सही कोण करणार? मी बाप आहे म्हणून चालत नाही. अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या नजरेत तो सज्ञान. आमच्याकडे नशिबाने राष्ट्रीय न्यासाचं, म्हणजे नॅशनल ट्रस्टचं, पालकत्वाचं प्रमाणपत्र होतं. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ चा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. वेळ लागतो, बैठक पुढे ढकलली जाते, फोटो कमी पडतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलात तर अर्ज करायला मोफत मदत मिळते, अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. आम्हाला तिथे एका स्वयंसेवक मुलीने सगळे कागद लावून दिले. ज्यांचं मूल सतरा वर्षांचं आहे त्यांनी हे वाचून झालं की लगेच कागद गोळा करायला लागा, अठराव्या वाढदिवसाचा केक नंतर.

त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, बाह्यरुग्ण उपचार, औषधं, थेरपी यांनाही पैसे मिळतात. आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवून परत घ्यायचे. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. एवढंच पुरे, माहिती सगळीकडे मिळते.

खरी बोंब वेगळीच आहे. त्या रात्रीनंतरचे आठ-दहा दिवस. दाढ निघाली, सूज उतरली, पण आम्ही दोघं झोपेविना अर्धमेले. ही मनगटाला पट्टी बांधून स्वयंपाक करत होती. चार दिवस कुठे त्याला ठेवता आलं असतं, तर माणूस माणसात आला असता. मी फोन करत सुटलो. निवासी संस्था, वसतिगृहं, ट्रस्टची केंद्रं. प्रत्येक ठिकाणी तिसरा प्रश्न हाच: "आक्रमक आहे का?" हो म्हटलं की, "सध्या जागा नाही." खोटं बोलायची इच्छा होते, अगदी होते. पण खोटं बोलून ठेवलेल्या मुलाला मध्यरात्री घेऊन जायला बोलावतात, हेही ऐकून आहे.

त्या संस्थांनाही मी सरसकट शिव्या देणार नाही. एक काळजीवाहक आणि दहा-बारा मुलं, पगार तुटपुंजा, रात्रपाळीला माणूस टिकत नाही. पण व्यवस्थेची गंमत बघा. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दार बंद. शांत मुलाला ठेवायला जागा आहे, आणि शांत मुलाच्या आईबापांना रात्रीची झोपही आहे. न्यासाच्या 'समर्थ' योजनेत थोड्या काळासाठी मूल ठेवायची सोय कागदावर आहे. केंद्रं मात्र मोजकी आणि आपल्या गावाजवळ असतीलच असं नाही. विशेष शाळा अठराला संपते, त्यानंतर कार्यशाळेत प्रवेश मिळाला तर मिळाला. त्या मधल्या दरीत आमच्यासारखे पालक म्हातारे होत जातात. मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक येरवडा म्हणतात. दाढदुखीसाठी येरवडा!

शेवटी ठेवलं कोणी, तर माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने. प्रिया, कोरेगावला शिक्षिका. तिच्या घराच्या खिडकीतून बसथांबा दिसतो. तीन रात्री चिनू तिथे राहिला, आल्यावर कोरेगावच्या गाड्यांचं नवीन वेळापत्रक पाठ. तिचं नाव आता आम्ही पालकत्वाच्या कागदात आमच्यानंतर म्हणून सुचवलंय. ती म्हणाली, "काका, त्यासाठी एवढं काय विचारायचं?" विचारायचं असतं, पोरी. विचारल्याशिवाय कोणाच्या गळ्यात घालायचं नसतं.

नंतर सवडीने केलेल्या गोष्टी आता सांगतो.

मी चिनूला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो, गुन्ह्याशिवाय. सकाळी अकराच्या सुमाराला, गर्दी नसताना. साहेबांना म्हटलं, "हा माझा मुलगा. हा कधी रस्त्यावर एकटा दिसला, किंवा आमच्या घरून फोन आला, तर हा असा आहे हे ओळखून ठेवा." साहेब जरा अवघडले, मग बीट अंमलदाराला बोलावून नंबर द्यायला लावला. चिनूने तिथे मोठ्याने पुसेगाव गाडीची घोषणा केली, ठाणे अंमलदार हसायला लागला, एकदम वातावरण मोकळं झालं. ठाण्यात एकदा ओळख झालेली असली की रात्री येणारा माणूस अनोळखी घरात येत नाही.

आमच्या मानसोपचार डॉक्टर मॅडमकडून लेटरहेडवर पत्र घेतलं: निदान, रोजची औषधं, प्रसंग आल्यास कुठलं औषध किती द्यायचं, कुठल्या औषधाने उलटा त्रास होतो, आणि 'आधी दुखण्याची तपासणी करावी' ही ओळ. ही ओळ मी मुद्दाम लिहायला लावली. बापाने तोंडी सांगितलेलं आणि लेटरहेडवर शिक्क्यासह लिहिलेलं, यात रात्रीच्या डॉक्टरला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. वाटू दे, आपल्याला काम होण्याशी मतलब.

आणि शिंदे वहिनींकडे एक किल्ली. आमच्या दारावर दोन ठोके पडले की त्या काही न विचारता आपल्या अंगणातला दिवा बंद करतात आणि गॅलरीत येऊन उभ्या राहतात, गर्दी जमू देत नाहीत. गणपती मंडळाच्या अध्यक्षालाही भेटलो, तो माझ्याच हाताखालच्या कंडक्टरचा मुलगा निघाला. आमच्या घरासमोरून जाताना स्पीकर थोडा वेळ बंद ठेवतो म्हणालाय. ठेवला तर इथे लिहीन, नाही ठेवला तरी लिहीन.

राहिला कराडच्या ताईंनी मागितलेला कागद, रात्री आलेल्या पोलिसाला-डॉक्टरला मुलाची ओळख करून देणारा. एकच पान, दोन्ही बाजूंनी नको. वर नाव, वय, रक्तगट, यूडीआयडी (अपंगत्वाच्या ओळखपत्राचा) क्रमांक. मग तो कसा बोलतो: आमच्याकडे 'गाड्यांच्या घोषणा करतो, बंद झाल्या तर त्रास आहे'. मग घाबरतो कशाला: सायरन, गर्दी, डोक्याला हात. शांत कशाने होतो: मंद दिवा, ताक, जुनं एसटीचं वेळापत्रक. दुखत असेल तर काय करतो. औषधं, ॲलर्जी. तीन माणसांचे फोन, त्यातला एक गावाबाहेरचा. प्रती करून एक दाराच्या आतल्या बाजूला, एक त्याच्या बॅगेत, एक शेजारी, एक मोबाईलमध्ये. १०८ ची गाडी आली की तिच्यात डॉक्टर असतो, हा कागद त्याच्या हातात द्यायचा आणि मगच बोलायला सुरुवात करायची.

फोटो मात्र या वर्षीचा लावा. आमच्या पहिल्या कागदावर शाळेच्या ओळखपत्रातला फोटो होता, बिनमिशीचा, आणि त्या रात्री सिस्टर दोनदा विचारत होती की हा ह्याचा धाकटा भाऊ का.